सितारामबापूंची काचेची पाटी

सितारामबापूंचा उजवा खांदा धरला, आणि घरात पंचायत बसली.

खांदा धरायचाच होता म्हणा. पिंगळीहून सकाळच्या गाडीनं परभणी गाठायची, तहसीलच्या आवारातल्या लिंबाखाली बूड टेकायचं आणि लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे, यात बापूंचा जन्म गेला. आधी खांद्यावर टाइपरायटर होता. मग मुलानं, धम्मदीपनं, आपला जुना लॅपटॉप दिला. तो टाइपरायटरहून हलका, हे खरं. पण त्याची बॅटरी कधीच मेलेली, म्हणून सोबत वायरींचं भेंडोळं, आणि हे सगळं ज्या बॅगेत, ती बॅगच धोंड्यासारखी. डॉक्टरांनी सांगितलं, खांद्यावर वजन बिलकुल नको.

सरजाबाईंनी लगेच निकाल देऊन टाकला. "झालं की आता. लय टाइपलं. घरी बसा अन् नातवंडं खेळवा."

"नातवंडं कालेजात हायेत. त्यांना काय खेळवू?"

हे ऐकून कालेजातलं नातवंड, म्हणजे धम्मशीला, आतून आली. हातात तिचा टॅब. "आबा, असं करू. मला प्रोजेक्टला लॅपटॉपच लागायलाय. तुमचा मला द्या, घरी वायर लावून चालवते. हा तुमी न्या. शबनम पिशवीत मावतोय."

बापूंनी तो हातात घेतला, उलटापालटा केला. "पोरी, ही तर पाटी हाय. पेन्सिल कुठं गेली?"

सरजाबाई मात्र व्यवहाराला पक्क्या. "आज ह्या पाटीवर काम झालं तर रोज जा, मी आडवी येनार न्हाई. न्हाई झालं तर उद्यापासून घर. कबूल?"

बापू कबूल म्हणाले खरे. पण लिंबाखालची ती जागा म्हणजे नुसती जागा नव्हती. तिथं गेलं की माणसं त्यांना बापू म्हणायची. घरी काय, घरी ते नुसते आबा.

गाडीत बसल्यावर पिशवी मांडीवर घेतली तर काही वजनच लागेना. बापूंना चुकल्याचुकल्यासारखं झालं. पहिल्यांदा याच गाडीत टाइपरायटर घेऊन चढले तो दिवस आठवला. सरजाबाईंनी तो गोधडीत असा बांधून दिला होता की आत काय आहे कुणाला कळू नये. समोरच्या बाकावर पूर्णेकडून आलेल्या बाया. एक म्हणाली, "दादा, पेटी घेऊन कुठल्या कार्यक्रमाला?" बापू म्हणाले, ही बाजाची पेटी नव्हं. "असू द्या की, लाजता कशाला? एखादं भीमगीत होऊन जाऊ द्या." मग बापूंनी गोधडी सोडली, कागद चढवला आणि खटाखट खटाखट ठेका धरला. ओळ संपली की घंटी वाजायची, टिंग. त्या टिंगवर बाया टाळी द्यायच्या. परभणी स्टेशन येईपर्यंत दोन गाणी झाली. कागदावर काय उमटलं होतं ते वाचायची कुणाची हिंमत नव्हती.

असो. लिंबाखाली पोचले तर कडूबाई आधीच येऊन बसलेली. कडूबाई म्हणजे आवाजाची बाई. शेताकडे जायची पांदण चुलत दिरानं काटे टाकून बंद केली, त्याचा अर्ज द्यायचा होता.

बापूंनी पाटी मांडीवर घेतली. धम्मशीलानं तिच्यात टाइपरायटरसारखी अक्षरं बसवून दिली होती. बापूंनी बोटं सवयीनं मधल्या ओळीवर टेकवली, नजर समोर कडूबाईकडे. टायपिंगच्या वर्गात त्यांच्या सरांनी हेच शिकवलं होतं: बोटं घरी ठेवायची, नजर कागदावर. बोटं घर सोडून हिंडली की सर पट्टी मारायचे.

थोड्या वेळानं खाली पाहिलं तर सगळ्या पाटीवर ररररर सससस. काचेला बोट टेकलं तरी ती लिहायची. पुसलं, पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. बोटं अधांतरी धरून बघितली तर खांदा ठणकायला लागला. आणि बोटांना घरही सापडेना. काच सगळीकडून सारखीच गुळगुळीत, आंधळ्याला माळावर सोडल्यासारखं.

"बापू, तुमाला येत न्हाई का हे?" कडूबाईनं विचारलं. आवारात सगळ्यांना ऐकू गेलं.

बापूंच्या डोळ्यांपुढं सरजाबाईंचा चेहरा आला. आता संपलंच. तेवढ्यात धम्मशीलाचं बोलणं आठवलं, "आबा, न्हाईच जमलं तर माइकच्या चित्राला बोट लावून बोला, ते लिहील." त्यांनी बोट लावलं. घसा खाकरला आणि सुरू केलं, "मी अर्जदार कडूबाई, विनंती अर्ज सादर करते की..."

अक्षरं भराभरा यायला लागली. बापूंना असा हुरूप आला की थांबलेच नाहीत. झाल्यावर चष्मा पुसून मोठ्यानं वाचायला घेतलं:

"माझ्या शेताकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता थांबा बापू तसं न्हाई मेल्यानं बाभळ टाकली बाभळ दोन चहा एक बिनसाखरेचा ए गाडी बाजूला घे रे सदर रस्ता खुला करून मिळावा अगं बाई गप की जरा."

आवार हसून हसून लोळायचं तेवढं राहिलं. चहावाला म्हणाला, "बापू, साहेबांनी सही केली तर बिनसाखरेचा कुणाला देऊ?"

बापूही हसले. आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात आलं, असं हसणं या लिंबाखाली कैक वर्षांत झालं नव्हतं. टाइपरायटरच्या काळात कागद सगळ्यांसमोर उभा असायचा. बापू एक एक वाक्य आधी मोठ्यानं म्हणायचे, मग टाइप करायचे, आणि भोवतीचे लोक कान देऊन ऐकायचे. कुणी म्हणायचं, बापू, गट नंबर राहिला. कुणी म्हणायचं, "नम्र" घाला, साहेब कडक हाय. लॅपटॉप आला आणि त्याचं झाकण मधे उभं राहिलं. अर्जदार झाकणापलीकडे, बापू झाकणाअलीकडे. म्हणून दाखवणं कधी बंद पडलं, ते त्यांनाही कळलं नव्हतं.

त्यांनी पाटी दोघांच्या मधे आडवी ठेवली. "कडूबाई, अक्षरं बघत बस. अन् मंडळी, मी बोलतो तवर आवारात चहासुद्धा मागायचा न्हाई. ही पाटी सगळ्यांचं ऐकते, आपल्यासारखी निवडून ऐकत न्हाई."

आणि सगळे गप्प झाले. चहावाल्यानं पातेल्याखालचा गॅस बारीक केला. बापू जुन्या आवाजात, एक एक वाक्य ठणठणीत म्हणत गेले. कडूबाई बोटानं दाखवत होती, "आमच्या विहिरीचं पण घाला." विहीर घातली. स्वल्पविराम बापूंनी बोटानं दिले, तेवढं एक बोट काचेला मानवलं. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून अर्ज छापून आला, कडूबाईनं अंगठ्याऐवजी ठसक्यात सही केली.

सगळंच काही जमलं नाही हो. दुपारी एकजण वाटणीपत्राचा रकानेवाला तक्ता घेऊन आला. तो पाटीवर आखता आखता बापूंना घाम फुटला. शेवटी म्हणाले, "बाबा, हे घरच्या लॅपटॉपचं काम. उद्या नातीकडून करून आणतो." पण अर्ज मात्र दिवसभर बोलून झाले.

संध्याकाळी पिंगळीला उतरून घरी आले. सरजाबाई दारातच. "मग? झालं का काम?"

बापूंनी सांगायला तोंड उघडलं, तर घशातून आवाजच फुटेना. नुसती खरखर.

सरजाबाई बघत राहिल्या. लॅपटॉप आल्यापासून हा बसलेला घसा त्यांनी ऐकला नव्हता. त्या आत गेल्या, टाइपरायटर बांधायच्या त्या जुन्या गोधडीचा एक तुकडा ट्रंकेतून काढला, त्यात पाटी नीट गुंडाळून पिशवीत ठेवली. आणि वर खडीसाखरेची पुडी.

"बोलू नका आता," त्या म्हणाल्या, "उद्या दिवसभर बोलायचंय."