उशिरा येणाऱ्यांचे रोडगे

माझं काम नेमकं काय, हे आमच्या गावात, देऊळघाटात, समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरचं उदाहरण मदतीला आलं. तो गाडी चालवत नाही, तिकीट फाडत नाही, पण त्यानं सोडल्याशिवाय गाडी हलत नाही. तसंच माझं. देशोदेशीचे शास्त्रज्ञ मिळून एक मोठा प्रयोग करतात, जमिनीखालच्या यंत्रातून सूक्ष्म कणांचा माग काढतात. त्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा एकेक तुकडा एकेक गट लिहितो. ते सगळे तुकडे एकत्र बसवायचे, तपासायचे आणि "आता सगळ्यांनी हीच आवृत्ती वापरा" असं जाहीर करायचं, हे माझं काम. विज्ञान ते करतात, भांडणं मी सोडवते.

पुण्याचं ऑफिस सोडून गावाकडून काम करायची परवानगी मला एकाच आवृत्तीपुरती मिळाली होती. ती सुरळीत गेली तर इथंच राहा, नाहीतर परत या, असं आमच्या समन्वयक बाईंनी गोड शब्दांत, पण स्पष्ट सांगितलं होतं. मला परत जायचं नव्हतं. सकाळी ओट्यावर चहा घेत परदेशातल्या लोकांच्या चुका काढायच्या आणि दुपारी शेतात जाऊन हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा खायचा, हे सुख मला नुकतंच सापडलं होतं.

आवृत्ती जायची ती नेमकी चंपाषष्ठीला. त्या दिवशी आमचं अख्खं घर शेतात असतं. वांग्याचं भरीत आणि निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड रोडगे. घरी एकटीनं बसायची माझी तयारी नव्हती, म्हणून लॅपटॉप घेऊन मीही निंबाखाली बाज टाकून बसले. मोबाइलला रेंज झकास होती. मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांची वहिनी आणि आमच्या घराची खरी कंट्रोलर, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे घालून वर राख ओढत होती. एकदा राख ओढली की ती कुणाला हात लावू देत नाही. भुकेनं कासावीस झालेले लोक नुसते भोवती घुटमळतात.

माझ्याकडेही तोच प्रकार चालला होता. आठवड्यापूर्वीच मी नवे बदल घेणं बंद केलं होतं. सगळे तुकडे एकत्र तपासून झाले की मग चार ओळी जरी बदलल्या तरी पुन्हा पहिल्यापासून तपासावं लागतं, नाहीतर एकाच मोजमापाची दोन उत्तरं निघतात. पण एका गटाचे प्राध्यापक अडून बसले होते. त्यांना नेमक्या चारच ओळी घालायच्या होत्या. मी रोज नम्रपणे नाही म्हणत होते, ते रोज तेवढ्याच नम्रपणे पुन्हा विचारत होते. बाकी सगळ्या गटांचा होकार आला होता. यांचा आल्याशिवाय आवृत्ती सोडता येत नव्हती.

दुपारी बैठक सुरू झाली. प्राध्यापक म्हणाले, बदल घ्या, नाहीतर माझा होकार नाही. समन्वयक बाई सगळं टिपून घेत होत्या. माझं डोकं तापलं. मी माइक बंद करून मोठ्या आईसमोर सगळा राग काढला.

"टाकून दे ना त्याचं बी," ती म्हणाली. "काऊन एवढी तनतन करून राह्यली?"

"आता नाही टाकता येत मोठ्याई. सगळ्यायचं बिघडते."

"मंग त्याले नुसतं नाही काऊन म्हणतं? कवा घेतं ते सांग त्याले."

तेवढ्यात तिचे यजमान, आमचे मोठे बाबा, आले. बुलढाण्याला ट्रॅक्टरचा सुटा भाग आणायला गेले होते, आणि येताना दोन मित्रांना उचलून आणलं होतं. दरवर्षी ते हेच करतात. मोठ्या आईनं झाकलेल्या राखेला हातही लावला नाही. शेजारी गोवऱ्यांची दुसरी, लहानशी रास तिनं आधीच पेटवून ठेवली होती. तीही दरवर्षी हेच करते. पाहुण्यांचे रोडगे तिनं त्यांच्या डोळ्यांदेखत त्यात घातले. पाहुणे खूश होऊन बांधावर बसले, कुणी कुरकुर केली नाही.

मला माझंच हसू आलं. आठवडाभर मी त्या माणसाला दार बंद आहे एवढंच सांगत होते. पुढची आवृत्ती कधी निघणार, त्यात त्याची जागा कुठे, यातलं काही त्याच्या समोर ठेवलं नव्हतं.

मी माइक सुरू केला. पुढच्या आवृत्तीची शाखा, म्हणजे तिचे बदल जिथे गोळा होतात ती जागा, एरवी ही आवृत्ती गेल्यावर उघडतात. मी ती तिथल्या तिथे, सगळ्यांना पडद्यावर दिसेल अशी उघडली आणि त्यात पहिला बदल प्राध्यापकांचा घातला. त्यांनी चष्मा वर करून तो नीट वाचला. मग विचारलं, तुमच्या मागे एवढा धूर कसला? मी लॅपटॉप फिरवून दोन्ही राशी दाखवल्या आणि कुठल्या राशीत कुणाचे रोडगे आहेत तेही सांगितलं. ते खो खो हसले. म्हणाले, म्हणजे मी दुसऱ्या राशीत आहे. आणि त्यांनी होकार दिला.

आवृत्ती सुटली. थोड्या वेळानं समन्वयक बाईंचा संदेश आला, पुढचीही तिथूनच कर, आणि धूरही असू दे. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि खापर धुरावर फोडता आलं हे बरं झालं.

मोठी आई रोडगा फोडून त्यात तूप ओतत होती. "झालं तुह्यं?" तिनं विचारलं.

"झालं. आता पुण्याले नाही जात मी."

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या ताटात आणखी तूप ओतलं.

"हाव," ती म्हणाली, "मंग औंदा वांग्याची एक सरी जास्तीची लावा लागन."