फिकट गुलाबी

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका मुलीच्या फ्लास्कमधला गुलाबी रंग माझ्या डोळ्यांदेखत विरला. ‘मॅडम, आत्ता होता हो!’ ती रडवेली झाली. मला आमच्या माहीम गावातल्या घराच्या ओटीवरची एक सकाळ आठवली.

मी बारावीत होते आणि टायट्रेशनची गणितं काही केल्या उमगत नव्हती. ताई तारापूरच्या एका कारखान्यात केमिस्ट होती. तिने पेलाभर पाण्यात लिंबाचे दोन थेंब पिळले, त्यात रंग दाखवणारं फिनॉल्फथॅलीन टाकलं आणि आजोबांच्या विड्याच्या चुन्याची निवळी ड्रॉपरने थेंबथेंब सोडू लागली. ‘लिंबू दुप्पट घेतलंस तर निवळीही दुप्पट लागेल. आम्ल पुरतं संपल्याशिवाय रंग यायचा नाही. एवढंच तर गणित आहे!’ आणि एका थेंबासरशी पेला फिकट गुलाबी झाला.

‘आई, लवकर ये!’ ताई ओरडली. आई वाडीत पानवेलींना माती लावत होती. ‘थांब गो, हात धुवून येते.’ ती येईपर्यंत हवेने रंग उडालाही होता. ‘कुठं हाय? पाणीच तर हाय.’ ताई हसली. ‘रविवारी परत करून दाखवीन.’

रविवार उजाडायच्या आत, बोईसरच्या रस्त्यावर अपघातात ताई गेली.

आज घरी येताना मी प्रयोगशाळेतून थोडं फिनॉल्फथॅलीन आणि वाटेत लिंबू घेतलं. चुना, पेला, ड्रॉपर ओटीवर मांडून आईला हाक मारली. आता थकलेली आई उंबऱ्यातच थांबली.

‘नको गो. ती दावीन म्हणाली हाय.’