बाबांचा सोमवार आणि पोटातली जाळी

काल संध्याकाळी सिल्व्हर पार्कमध्ये, आमच्या बिल्डिंगखाली, बाबा एका नवीन शेजाऱ्याला आपल्या ऑपरेशनचा किस्सा सांगत होते. मी भाजीची पिशवी घेऊन मागेच उभी राहिले... किस्सा पाठ आहे, तरी.

बाबांना हर्निया. जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांपाशी पोटाची भिंत सैल झाली आणि आतडं बाहेर डोकवायला लागलं. तिथे प्लॅस्टिकची जाळी बसवली, तर तिला इन्फेक्शन झालं आणि ती काढावी लागली.

तेव्हापासून आमचे गडगडाटी हसणारे बाबा हसू आलं की आधी दोन्ही हातांनी पोट धरायचे... मग हळूहळू हसायचेच बंद झाले. घर कसं सुनं झालं होतं, काय सांगू!

सर्जन मॅडम म्हणाल्या, यावेळी बायोलॉजिक मेश लावू. म्हणजे प्राण्याच्या कातडीतून पेशी काढून टाकून बनवलेली जाळी; तिच्या आधाराने आपलंच शरीर नवा पडदा विणतं. प्राणी कुठला, तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. डुक्कर.

बाबा मूळचे रत्नागिरीचे, मटण-मासे आवडीने खाणारे. त्यांनी शांतपणे मान डोलावली आणि आमचा जीव भांड्यात पडला.

मग तारीख मिळाली. बाबांनी कॅलेंडर बघितलं आणि ताडकन उठले... सोमवार!

"उपासाच्या दिवशी पोटात डुक्कर? जमणार नाही."

आईने सगळे उपाय करून बघितले. ऑपरेशनला उपाशीच राहायचं असतं, उपास आयताच घडेल, म्हणाली. शेवटी तिने वराह अवतार काढला.

"तो विष्णूचा," बाबा म्हणाले. "माझा सोमवार शंकराचा."

मला मात्र हसू येत नव्हतं. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं मॅडमनी बजावलं होतं आणि हे वार पाळत बसलेले! मी चिडले, भांडले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सरळ मॅडमसमोर नेऊन बसवलं. म्हटलं, आता मॅडम त्यांना चांगलं झापतील.

मॅडम जैन. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"काका, आमच्याकडे पण तिथीला हिरवी भाजी नाय खात. दोन दिवसांनी काय फरक नाय पडत. बुधवारी करूया?"

"बुधवारी चालेल. बुधवारी आम्ही सगळं खातो."

मी उठले, पण बाबा दारातून परत फिरले. शंका होती... पुढच्या सोमवारीही ती जाळी आतच असणार, त्याचं काय?

मॅडम अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "एकदा आत गेली की ती तुमची, काका. तिला पण उपास करायला लावा."

या गोष्टीला आता काही महिने झाले. जखम छान भरली. दर सोमवारी शंकराला हात जोडून झाले की बाबा त्या डुकरालाही एक नमस्कार करतात.

काल किस्सा त्या "तिला पण उपास"वर आला आणि बाबा हसले... पूर्वीसारखे, गडगडून. पहिल्या मजल्यावरच्या काकू खिडकीत आल्या.

आणि मी बघत होते... बाबांचे दोन्ही हात हवेत होते. पोटावर एकही नव्हता.

मीही तिथल्या तिथे त्या डुकराला हात जोडले... भाजीच्या पिशवीसकट.