बद्द वाजणारा रुपया

केजची ती दुपार आठवली की मला अजून गुंगी येते. दिवाळी नुकतीच सरलेली, मऊ पिवळं ऊन, जीपमध्ये दाटीवाटीनं कोंबलेली माणसं आणि सगळीच पेंगलेली. माय माझ्या खांद्यावर डोकं टाकून डुलत होती. तिच्या पदराच्या गाठीत निजामाच्या काळातला, चारमिनारच्या छापाचा चांदीचा रुपया होता. तो खरा की खोटा, हे केजच्या सोनाराला विचारायला आम्ही निघालो होतो.

आमच्या घरची एक रीत होती. लक्ष्मीपूजनाला ताटात मांडण्याआधी प्रत्येक रुपया उंबऱ्याजवळच्या दगडावर एकदा वाजवायचा. आजी, म्हणजे मायची सासू, हे काम कुणाला करू द्यायची नाही. खण्ण! तो आवाज घरभर लांबत जायचा आणि मी डोळे मिटून तो विरेपर्यंत ऐकत बसायचे. मग मायचा रुपया यायचा. तिच्या बापानं लग्नात तिच्या ओटीत घातलेला. तो नुसता बद्द वाजायचा. आजी तो ताटाबाहेर सरकवायची. "बागायतदार म्हणवतो, अन् लेकीच्या ओटीत खोटा रुपया! लई मोठ्या मनाचा माणूस हाय बाई." दर वर्षी हेच. माय खाली मान घालून वाती वळत राहायची.

आजी जाऊन कैक वर्षं झाली होती. त्या दिवाळीला मात्र तो रुपया वाजवून माझी भावजय फिदकन हसली, आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, "बास झालं! एकदाचा निकाल लावू." माय नको नको करत होती. "खोटा निघाला तर मेलेल्या बापाचं नाव पुन्यांदा निघंल गं. ऱ्हाऊ दे झाकलेलं." मी ऐकते होय!

दुकानात पंखा संथ फिरत होता. सोनार म्हातारा, कपाळावर भस्म, बोलण्याची कसलीच घाई नाही. त्यानं रुपया वाजवलाच नाही, याचं मला नवल वाटलं. आधी तराजूत एका अस्सल रुपयासमोर ठेवला. काटा हलत हलत मधोमध थांबला. मग कडेचे बारीक दाते नखानं चाचपले. "साच्यात ओतलेला खोटा असला की हितं जोड दिसती," तो म्हणाला. "ह्याला न्हाई." कसोटीच्या काळ्या दगडावर त्यानं एक रेघ ओढली, तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडला. आम्ही तिघं त्या रेघेकडं बघत राहिलो. किती वेळ, देव जाणे.

"चांदी हाय बाई. रुपया खरा हाय."

"मग वाजत कावून न्हाई?" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यानं भिंग मायच्या हातात दिलं. वरच्या कडेला घासून सपाट केलेली जागा होती, आणि तिथून निघालेली केसाएवढी चीर. "हितं कडी जोडलेली व्हती. बायांच्या गळ्यातल्या माळंचा रुपया हाय हा. कडी काढताना चिरला. चिरलेला रुपया खरा असला तरी बद्दच वाजणार."

मला तर तिथंच नाचावंसं वाटलं. आजी आज हवी होती, असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू? पण माय भिंगातून बघतच राहिली.

"माझ्या आईच्या गळ्यात रुपयांची माळ व्हती," ती झोपेत बोलल्यासारखी म्हणाली. "लग्नानंतर पयल्यांदा माहेरी गेलते, तवा मधला रुपया दिसला न्हाई. मी इचारलं, तर म्हणाली, हारवला."

सोनारानं तराजू बाजूला सारला. पंखा फिरत होता.

"त्याच साली दिवाळीला बा मला न्यायला आलता. मी त्याला जेवणाच्या ताटावरच बोलले. म्हणलं, आपलंच नाणं खोटं, तर सासूला काय बोलू? जावयाच्या घरात बसून कसं सांगणार व्हता तो, की रुपया बायकूच्या गळ्यातला हाय? अर्धी भाकर ठिवून उठला. पुन्यांदा आमच्या दारात आला न्हाई."

मी तिचा हात धरला. "माय, खरा निघाला की गं."

"व्हय," ती म्हणाली. "खोटा निघाला असता तर बरं झालं असतं."