आईच्या उसाचा ओटीपी

आमच्या घरात कुणी मोबाइल नंबर विचारला की काकांचा सांगायचा, अशी रीत. गॅस असो नाहीतर बँक, नंबर काकांचाच. माजलगावच्या कालव्यावर आईच्या नावावर थोडा ऊस आहे. साखर कारखान्याच्या वेबसाइटवरचं तिचं खातंही काकांच्या नंबरवर. वडील गेल्यापासून आईजवळ स्वतःचा फोन आहे, पण रीत ती रीत.

तोडणीची मागणी आता वेबसाइटवर टाकावी लागते. ज्याची मागणी आधी, त्याच्या फडात टोळी आधी. ओटीपी काकांच्या फोनवर यायचा. काका आधी स्वतःच्या उसाची मागणी टाकायचे आणि आठवण झाली की आईच्या. तोवर आईच्या उसाला तुरे यायचे, वजन घटायचं. मला भयंकर राग यायचा. काका स्वभावानं वाईट नाहीत असं सगळे सांगायचे, त्यानं तो आणखी वाढायचा.

ती वेबसाइट बीडमधलं जे ऑफिस सांभाळतं, तिथेच मी नोकरी करते. नंबर बदलायचा तर ओटीपी जुन्या नंबरवर जाणार, असा नियम होता. म्हणजे काकांना हटवायला काकांचीच परवानगी. गावोगावहून अशाच तक्रारी आल्या, तेव्हा कारखान्यानंच कळवलं, की चिटबॉयनं शेतकऱ्याला समक्ष पाहून खात्री दिली तरी नंबर बदला. चिटबॉय म्हणजे बांधावर येऊन उसाची नोंद घेणारा कारखान्याचा माणूस. आमचा पन्नाशीचा आहे.

"किती दिवस लागतील?" साहेबांनी विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत होईल."

त्यांना ते पटलं नाही. पूर्वी आमचा खात्याचा कोड ओटीपी पाठवणारा भाग स्वतःच्या पोटातच तयार करायचा, त्यामुळे काहीही बदलायचं म्हणजे पोट फाडणं आलं. मी ते सोडवून डिपेन्डन्सी इंजेक्शन केलं होतं. खात्याला एवढंच ठाऊक, की कुणीतरी खात्री करून देईल. तो कुणीतरी आम्ही बाहेरून हातात द्यायचा. "चालतंय ते कशाला उकरता?" असं साहेब तेव्हा म्हणाले होते. आता मी ओटीपीच्या जोडीला चिटबॉयची खात्री लिहिली आणि खात्याच्या हाती दिली. खात्याच्या कोडला हातही लावावा लागला नाही.

चिटबॉय बांधावर आला, आईकडे पाहिलं, "ह्याच हायेत," म्हणाला, आणि नंबर बदलला.

हंगाम लागला तेव्हा मी घरीच होते. सवयीप्रमाणे काका ओसरीवर येऊन बसले. मागणी टाकायला आईनं वेबसाइट उघडली आणि ओटीपी आला तो तिच्याच फोनवर.

"वैनी, आकडा सांगा. माजं झालं की तुमचं टाकतो."

आईनं फोन पदराखाली धरला. "ऱ्हाऊ द्या भावजी. माजा ऊस हाय, मीच टाकते."

कुठं दाबायचं ते तिनं मला विचारलं. बोट दोनदा चुकलं. मग मागणी गेली. काका चहा संपेपर्यंत बसून होते. त्यांची मागणी अजून टाकायचीच होती.