धान्य बंद झालं तेव्हाचा साबुदाणा

आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील वाळूजच्या एका कारखान्यात कामगार होते. युनियनची उरलेली पत्रकं ते घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. त्यामुळे छापील कागदाचं मला कधी अप्रूप वाटलं नाही. कुणी छापला, कशासाठी छापला, पैसे कुणी दिले, हे आधी विचारायचं अशी सवय लागली.

म्हणून एका सकाळी वर्तमानपत्रात घडी घालून आलेलं ते गुलाबी पत्रक मी वाचलं आणि चिडलो. 'गहू सोडा, धान्य सोडा, रोग सोडा.' त्यात गव्हाच्या पंगतीला ज्वारी बसवली होती, बाजरी बसवली होती, सगळ्यांना विष म्हटलं होतं. खाली बदाम, अक्रोड, पनीर. ज्या मुलखानं पिढ्यानपिढ्या भाकरीवर दिवस काढले, त्याला कुणीतरी सांगत होतं की तुमचं ताट विषारी आहे. असलं पत्रक लिहिणाऱ्याचा किराणा कुठून येतो, ते मला बघायचं होतं.

आईनं मात्र ते पत्रक माझ्या हातातून काढून घेतलं.

"तुला भांडायचंय त्याच्याशी," ती म्हणाली, "मला डोळा करून घ्यायचाय."

आई ब्लाउज शिवायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजवा पिकला होता. सुईत दोरा ओवायला ती शेजारच्या खालांकडे जाई. आता कापडाची सुलट बाजूही बोटांनी चाचपून ठरवायला लागली होती. गिऱ्हाइकं कमी होत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, आधी साखर खाली आणा, मगच हात लावतो. गोळ्या चालू होत्या, तरी साखर उतरत नव्हती. आणि नेमक्या त्याच वेळी हे पत्रक घरात आलं.

दुसऱ्या दिवसापासून आईनं धान्य बंद केलं. चपाती नाही, भाकरी नाही, भात नाही. माहेर पिशोरचं, लहानपण शेतात गेलेलं. ज्वारीशिवाय जेवण ही कल्पनाच तिच्या घरात नव्हती. तरी तिनं पिठाचा डबा फळीवर मागे सारला, तो केवळ आम्हा दोघांपुरता पुढे येई.

आणि ती काय खायला लागली? सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. रात्री राजगिऱ्याचं थालीपीठ, नाहीतर उकडलेलं रताळं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे धान्य सोडण्याची रीत आधीपासून ठरलेली आहे. एकादशीला धान्य चालत नाही; जे चालतं ते अर्थातच धान्य नव्हे. वडिलांनाही ते पटलं. ते देव मानत नव्हते, पण साबुदाणा मानत होते. एरवी प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारा मी त्या खिचडीवर लिंबू पिळून घेत होतो.

तुपात जिऱ्याची फोडणी पडली की वास भिंतीपलीकडे जाई. खाला दारातून डोकावायच्या.

"क्या बाजी, आज भी एकादशी?"

"डॉक्टरची एकादशी आहे ही. रोजच असती."

"तो फिर हमारे भी रोजे लगा देओ उसके पास. इत्ता घी तो हम इफ्तार में भी नहीं खाते."

दोघी हसायच्या. खाला वाटीभर खिचडी घेऊन जायच्या, वाटी परत यायची तेव्हा दोरे ओवलेल्या सुया तिच्यासोबत असायच्या.

महिन्यानं रक्त तपासलं. साखर वाढली होती.

साखरेचे डॉक्टर तरुण होते, जालन्याकडचे. त्यांनी कागद दोनदा पाहिला.

"मावशी, खाता काय?"

"काहीच नाय. धान्य तर अजिबात नाय."

"तरी पण?"

आईनं सांगितलं. खिचडी, भगर, थालीपीठ, रताळं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि हसू आवरलं.

"साबुदाणा चपातीपेक्षा वाईट, मावशी. आणि भगर धान्यच आहे. ज्वारीची धाकटी बहीण समजा."

आईनं ओठ आवळले. "धान्य असती तर एकादशीला चालली असती का?"

"ते मला विचारू नका. माझी आईपण हेच म्हणती."

त्यांनी भाज्या सांगितल्या, डाळी, अंडी, ताक. अर्धी भाकरी चालेल असंही म्हणाले. आई म्हणाली, "अर्धी नको. अर्धी पोटात गेली की पोट दुसरी मागतं. डोळा होईस्तोवर काहीच नको."

"बघा, गोळ्या चालू आहेत. चक्कर आली तर तडक या."

रिक्षात बसल्यावर मला बोलायची संधी दिसली. उपवासावर माझी मतं मी छापूनही काढली होती. म्हटलं, आता एकादशी सोड, म्हणजे प्रश्नच मिटला. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. 

त्यानंतर घरात मेथी, पालक, दोडका, मुगाचं धिरडं आलं. धिरड्यावर तिचं पोट भरत नसे, ती पाणी पीत असे. चक्कर आली नाही, पण चिडचिड लई झाली. कात्री हातातून पडली तरी दोष आमच्यावर.

पुढच्या तपासणीच्या आधीच्या आठवड्यात एकादशी आली. डाळ चालेना, अंडं चालेना, मेथीही चालेना. वडिलांनी सवयीनं भगर मागितली. तिनं ती त्यांच्यापुरती शिजवली, ताट वाढलं आणि स्वतः वाटीत नुसती शेंगदाण्याची आमटी घेऊन बसली. कालवायला काही नव्हतं. ती पीत होती.

वडिलांना ते बघवेना. "घे की घासभर. आज तर देवाचाच दिवस आहे. तो काय रागावतोय?"

"त्याला दिसतंय सगळं," आई म्हणाली. "मला दिसत नाय."

वडिलांनी ताटातली भगर एका कडेला सारली, मग खाल्ली.

साखर मापात आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची तारीख दिली. परत येताना आईनं शहागंजात रिक्षा थांबवली, भरताची दोन मोठी वांगी बोटांनी दाबून घेतली आणि भाजीवालीला विचारलं, दोन्ही एकाच रंगाची आहेत ना.