एल्डनचं रानमांजर

एल्डन स्कोगेनच्या कुंपणाला लागून माझं कुंपण आहे, त्यामुळे त्याच्याविषयी सलग चार चांगली वाक्यं बोलणं मला जरा जडच जातं. माणूस सज्जन. पण त्याच्या गॅरेजात गाडी कधी शिरली नाही. तिथे त्याची रायफल आणि त्या रायफलीचा संसार.

ह्या रायफलीचं काडतूस जगातल्या कुठल्याच दुकानात मिळत नाही, कारण ते एल्डनने स्वतःच्या डोक्यातून काढलेलं. असल्या घरगुती काडतुसाला आमच्या मोन्टानात रानमांजर म्हणतात. दुसऱ्यांच्या बंदुकांतून उडालेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, साच्यात दाबून त्यांचा गळा बारीक करायचा, ज्योतीवर धरून तेवढा गळाच मऊ करायचा, कडा कापायच्या, घासायच्या, धुवायच्या, आणि मग कुठे दारू नि गोळी. नेमबाजीच्या मैदानावर आम्ही निशाणाकडे बघायचो, एल्डन आमच्या पायांशी. एकदा तर मला बूट उचलायला लावून त्याने खालची पुंगळी काढून घेतली. वर उपदेश होताच. पुंगळी भिरकावून देऊ नये, वेंडेल, बार झाल्यावर बोल्टचा दांडा हळू मागे ओढावा आणि बाहेर पडणारी पुंगळी हातात झेलावी. हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

एवढं करून त्या रायफलीने एक तरी एल्क हरीण पाडलं होतं का? नाव नको. दर वर्षी मोसम सुरू व्हायचा आणि एल्डनच्या पुंगळ्या अजून घासून व्हायच्या असायच्या. मग कॅफेत कोणीतरी हटकून विचारायचं, काय एल्डन, मांजराने उंदीर तरी धरला का? तो कॉफी ढवळत बसायचा, पण त्याला ते लागायचं. यंदा सोडतीत त्याला वरच्या खोऱ्यातला शिकारीचा परवाना लागला, तेव्हा तो मला म्हणाला की गुडघ्यांची ही अवस्था बघता वर चढायची ही शेवटचीच खेप, आणि नेणार तर हीच रायफल.

आणि नवल म्हणजे यंदा पुंगळ्या वेळेत झाल्या. ट्रेभर, एकीपेक्षा एक देखण्या. शेवटची धुलाई तेवढी राहिली होती. मार्डेल, म्हणजे त्याची बायको, चर्चच्या बायकांकडे गेलेली बघून ती धुलाई त्याने तिच्याच मोठ्या पातेल्यात उरकली. खरं तर तिच्या स्वयंपाकघरात पितळेला सक्त मनाई होती. तरी ह्या शहाण्याने ट्रे वाळायला तिच्या ओव्हनमध्ये अगदी मागे सरकवला आणि तो डुलकी काढायला गेला.

मार्डेल घरी आली. दुसऱ्या दिवशी चर्चच्या बायका तिच्याकडे कॉफीला यायच्या होत्या. ओव्हन स्वच्छ दिसावा म्हणून तिने आत न बघताच सफाईचं बटण फिरवलं. तो ओव्हन स्वतःला इतका तापवतो की आतल्या चिकट डागांची राख होते, आणि ते होईपर्यंत त्याचं दार आपोआप कुलूपबंद राहतं. मी उसनी शिडी परत द्यायला गेलो तेव्हा दोघं नवराबायको त्या काचेसमोर उभी होती. आत पुंगळ्या मंद लाल दिसत होत्या. एल्डन दाराची मूठ धरून ओढत होता आणि मार्डेल ती मूठ तुटेल म्हणून त्याला ओढत होती.

पुंगळीचा गळा मऊ लागतो, पण बूड टणकच हवं, नाहीतर बार काढताना ते फुटतं आणि नेम धरणाऱ्याचा डोळा जातो. ओव्हन निवल्यावर एल्डनने एक पुंगळी पकडीत धरून बुडाशी दाबली. ती दबली. मोसम तोंडावर आलेला, नव्या करायला वेळ नव्हता. त्याने सगळा ट्रे कचऱ्याच्या पिंपात उलटा केला, आणि तेव्हा मात्र मला त्याची थट्टा करवेना.

मग अबोला. दोघं एकाच टेबलाशी बसायची आणि मी मध्ये. वेंडेल, त्याला सांग, ओव्हन पावासाठी असतो. वेंडेल, तिला सांग, काहीही चालू करण्याआधी आत बघतात. मी सांगून टाकलं की मी टपाल खात्यात नाही, आणि केक खाऊन घरी आलो.

मोसम सुरू होण्याच्या आदल्या सकाळी एल्डनला गॅरेजातल्या टेबलावर एक पुंगळी उभी केलेली दिसली. त्याची अगदी पहिली नीट जमलेली पुंगळी. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात त्याने ती मार्डेलला भेट दिली होती. असली भेट देणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. तिने तिला बूच लावून तिच्यात आपल्या सुया ठेवल्या होत्या, त्या आजतागायत. आता सुया काढलेल्या होत्या. भिंगाखाली धरून कुठे चीर आहे का ते त्याने पाहिलं, आणि ती भरली.

एका काडतुसावर एल्कच्या मागे जाणारा माणूस वेडाच. म्हणून त्याच्याबरोबर मी गेलो, आणि मला दोघांची मिळून काळजी वाटते असं म्हणत मार्डेलही आली. सकाळभर कुडकुडल्यावर खालच्या उतारावर एक मोठा नर उभा दिसला. एल्डनने इतका वेळ नेम धरला की मला ओरडावंसं वाटलं. बार झाला. नर दोन पावलं गेला आणि बसकण मारून कोसळला.

आणि आयुष्यभर मला शिकवणाऱ्या ह्या गृहस्थाने, दुसरं काडतूस नसताना, खाडकन बोल्ट मागे ओढला. पुंगळी त्याच्या खांद्यावरून उडाली आणि बर्फात कुठेशी गडप झाली.

खाली त्याच्या जन्माचा एल्क पडलेला, आणि हा गुडघे टेकून बर्फ चाचपतोय. मार्डेल हाका मारतेय, आधी हरणाकडे चल. मीही चिडलो. म्हटलं, सोड ना बाबा, गॅरेजात पितळेला काय तोटा आहे, दुसरी करशील.

त्याने वरसुद्धा पाहिलं नाही. "दुसरी कशी चालेल? तिच्या सुया कशात राहणार?"

मार्डेलच्या हाका थांबल्या. तिने हातमोजे काढले, खिशात कोंबले आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकले. मग काय, मीही टेकले. गरम पुंगळीने बर्फात बोटाएवढं भोक पाडलं होतं, ते तिलाच दिसलं. बोट घालून तिने ती बाहेर काढली, आत फुंकर मारली आणि पुसली.

"काळी झालीय," ती म्हणाली. "ओव्हनमध्ये टाकू का?"

एल्डन बर्फातच बसून हसत सुटला, आणि आम्हा दोघांना त्याला धरून उठवावं लागलं.